हळद, विड्याचे पान आणि मुखकर्करोग
(वनस्पतिज द्रव्यांची परीक्षा कशी होते व तिच्यापासून शिक्षकाने काय घ्यावे)

आपल्या भागात हळदीवर लोकांचा विश्वास मोठा आहे, आणि तो अकारण नाही. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत वसमत तालुका आपल्याच जिल्ह्यात होता, व तेथील हळदीचा लौकिक सर्वांस ठाऊक आहे. जखमेवर हळद दाबणे, खोकल्यावर हळदीचे दूध देणे, तुळशीची पाने चावणे, जेवणानंतर विडा घेणे ह्या गोष्टी घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. त्यामुळे पालकसभेत तंबाखूचा व तोंडाच्या कर्करोगाचा विषय निघाला की, कोणीतरी पालक हटकून विचारतो, “गुरुजी, हळद कर्करोगावर चालते असे ऐकतो. मग तंबाखू खाणाऱ्याने रोज चिमूटभर हळद घेतली म्हणजे भागणार नाही का?”

प्रश्न रास्त आहे. त्याची थट्टा करू नये, आणि ऐकीव माहितीवर होकारही देऊ नये. हा प्रश्न आपल्याच राज्यातील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे हाताळला आहे. त्यांनी परीक्षा कशी घेतली, तिचा निकाल काय लागला आणि तो निकाल कोठवर लागू पडतो, हे शिक्षकाने समजून घेतले पाहिजे. परीक्षेची रीत ज्याला कळली, त्याला उद्या दुसऱ्या कोणत्याही पाल्याविषयी अथवा काढ्याविषयी असाच दावा झाला तर तोही पारखता येईल.

१. रोगाची वाट

तोंडाच्या आतील बाजूस मऊ व ओलसर अस्तर असते. त्यातील पेशी सतत झिजतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. पेशीने किती वाढावे व कोठे थांबावे, ह्याच्या सूचना तिच्यातील आनुवंशिक द्रव्यात जणू लिहून ठेवलेल्या असतात. तंबाखूत नायट्रोसामाइन वर्गातील काही द्रव्ये असतात. ती ह्या लिखाणात बिघाड करतात. तंबाखूबरोबरचा चुना अस्तराला चटका देऊन दुखावतो. सुपारीतील द्रव्यांमुळे अस्तराखालचे तंतू ताठर होत जातात.

हा बिघाड एका दिवसाचा नसतो. त्याला वर्षे लागतात. मधल्या काळात काही खुणा दिसू लागतात. गालाच्या आत किंवा हिरडीवर पुसून न जाणारा पांढरा चट्टा उमटतो. त्यास ल्यूकोप्लाकिया म्हणतात. काहींना तांबडा, मखमलीसारखा चट्टा येतो; तो अधिक धोक्याचा असतो. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांस प्रथम तिखट सोसेनासे होते आणि पुढे तोंड पुरते उघडेनासे होते. ह्या विकारास सबम्यूकस फायब्रोसिस असे नाव आहे. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होतोच असे नाही. तथापि, ज्याच्या तोंडात अशी खूण आहे त्याला धोका इतरांहून अधिक असतो, हे निश्चित.

खूण दिसू लागल्यापासून रोग जडेपर्यंतचा जो अवधी मिळतो, त्या अवधीत एखादे द्रव्य देऊन पेशींचा बिघाड थांबविता येईल काय, हा संशोधकांपुढील प्रश्न होय. असे द्रव्य रोज, वर्षानुवर्षे घ्यावे लागणार; म्हणून ते स्वस्त, सुलभ व सोसणारे हवे. ह्याच कारणाने संशोधकांचे लक्ष स्वयंपाकघरातील व परसातील वनस्पतींकडे वळले.

२. परीक्षेच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी प्रयोगशाळेतील काचपात्राची. पेशीच्या लिखाणात बिघाड करणारे द्रव्य विशिष्ट जिवाणूंवर टाकतात व किती जिवाणूंत बदल झाला ते मोजतात. मग त्याच द्रव्याबरोबर वनस्पतीचा अर्क मिसळून पुन्हा मोजतात. बदल कमी झाला, तर अर्कात काही गुण असावा अशी शंका घेण्यास जागा होते.

दुसरी पायरी प्राण्यांची. उंदराच्या जातीतील हॅमस्टर ह्या लहान प्राण्याच्या गालात धान्य साठविण्यासाठी पिशवी असते. ह्या पिशवीच्या अस्तरावर कर्करोगजनक द्रव्य लावले असता तेथे गाठी उद्भवतात. काही प्राण्यांना वनस्पतिज द्रव्य देतात, काहींना देत नाहीत आणि दोन्ही गटांतील गाठी मोजतात.

तिसरी पायरी मनुष्याची, आणि सर्वांत कठीण तीच. शाळेच्या बागेत दोन सारखे वाफे घेऊन एकास खत दिले व दुसऱ्यास दिले नाही, तरच खताचा गुण कळतो. एकच वाफा असेल तर वाढ खताची की पावसाची, हे सांगता येत नाही. त्याचप्रमाणे चट्टे असलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एका गटास द्रव्याची गोळी व दुसऱ्यास तशीच दिसणारी, पण द्रव्य नसलेली गोळी देतात. कोणाला कोणती गोळी मिळाली, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून गुण दिले म्हणजे परीक्षकाच्या मनाचा कल निकालात उतरत नाही; त्यातलाच हा प्रकार आहे.

पहिल्या पायरीवर उत्तीर्ण झालेली बहुसंख्य द्रव्ये तिसरीपर्यंत टिकत नाहीत. वर्तमानपत्रात “अमुक वनस्पती कर्करोगावर गुणकारी” असा मथळा येतो, तेव्हा ती बातमी कोणत्या पायरीवरची आहे, हे वाचकाने प्रथम पाहावे.

३. मुंबईतील संशोधन

महाराष्ट्रात ह्या विषयाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे ते कर्करोग संशोधन संस्था ह्या नावाने टाटा स्मारक केंद्राचा भाग बनले, आणि २००२ मध्ये खारघर येथे नव्या वास्तूत गेले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) ह्यांनी ह्याच संस्थेत सुपारी व तंबाखू ह्यांच्या अर्कांची कर्करोगजनकता प्राण्यांवर तपासली. त्यांचे हे काम १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

रोग कशामुळे होतो ह्याचा शोध घेत असतानाच, तो कशाने अडेल हाही प्रश्न त्याच प्रयोगशाळांत विचारला गेला. डॉ. सुमती भिडे व त्यांचे सहकारी ह्यांनी विड्याच्या पानाचा अर्क तपासला. पानातील हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल नावाचे द्रव्य जिवाणूंमधील बिघाड कमी करते, असे त्यांना १९८६ मध्ये दिसून आले. १९९२ मध्ये त्यांनी हॅमस्टरच्या तोंडावर नायट्रोसामाइन वर्गातील द्रव्य लावून, सोबत हळद आणि विड्याचे पान ह्यांची परीक्षा घेतली. ती द्रव्ये मिळालेल्या प्राण्यांत गाठींचे प्रमाण घटले. १९९४ मध्ये हळदीच्या जोडीला कॅटेचिन हे द्रव्य देऊनही तसाच अनुभव आला. १९९७ मध्ये सबम्यूकस फायब्रोसिसच्या रुग्णांना हळदीचे तेल व हळदीचा अर्क देण्यात आला. त्यांच्या तोंडातील पेशींत बिघाडाची जी सूक्ष्म चिन्हे मोजता येतात, ती कमी झाल्याचे आढळले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. प्रयोगशाळेत गुणकारी दिसलेले विड्याचे पान लोक एकटे क्वचितच खातात. त्यात सुपारी असते, चुना असतो आणि पुष्कळदा तंबाखूही असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूचा विडा १९८५ मध्येच कर्करोगजनक ठरविला होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिने तंबाखूविरहित विडा व सुपारी ह्यांनाही मनुष्यात कर्करोगजनक म्हणून नोंदविले. पानाच्या अंगच्या गुणाने विड्याचा दोष धुऊन निघत नाही, असाच ह्याचा अर्थ.

४. मनुष्यावरील परीक्षेचा निकाल

मनुष्यावरील महत्त्वाच्या परीक्षा बहुतांशी दक्षिण भारतात झाल्या. केरळात तंबाखू खाणाऱ्या व पांढरे चट्टे असलेल्या लोकांना स्पिरुलिना ह्या निळसर-हिरव्या शेवाळाची एक ग्रॅम मात्रा रोज, वर्षभर देण्यात आली. १९९५ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. शेवाळ घेणाऱ्या ४४ पैकी २० जणांचे चट्टे पूर्ण नाहीसे झाले. दुसऱ्या गटातील ४३ पैकी केवळ ३ जणांचे गेले. निकाल उत्तम वाटतो. परंतु मात्रा बंद केल्यावर एका वर्षाच्या आत त्या २० पैकी ९ जणांचे चट्टे परत आले.

१९९७ मध्ये केरळातूनच दुसरी परीक्षा प्रसिद्ध झाली. तीत अ जीवनसत्त्व आणि गाजर-पालेभाज्यांत असणारे बीटा-कॅरोटीन ही द्रव्ये दिली होती. अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ५२ टक्के, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत ३३ टक्के व नुसती गोळी घेणाऱ्यांत १० टक्के लोकांचे चट्टे पूर्ण गेले. येथेही मात्रा थांबताच, गुण आलेल्यांपैकी पहिल्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश व दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या लोकांचे चट्टे पुन्हा उद्भवले.

हळदीची मोठी परीक्षा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन हे द्रव्य रोज ३.६ ग्रॅम, असे सहा महिने दिले. रुग्ण २२३ होते. कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी ६७.५ टक्के लोकांच्या चट्ट्यांत डोळ्यांनी दिसण्याजोगी सुधारणा झाली. आता दुसरा आकडा पाहा : नुसती गोळी घेणाऱ्यांतही ५५.३ टक्के लोक सुधारले. म्हणजे शंभरांमागे केवळ बारांचा फरक हळदीच्या पदरी पडला. दुसरा गट नसता, तर शंभरांपैकी सदुसष्ट हळदीने सुधारले अशी दवंडी पिटली गेली असती. शिवाय चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता, दोन गटांत निर्णायक फरक आढळला नाही.

ही ३.६ ग्रॅम मात्रा घरच्या हळदीत किती होते, हे पाचवी-सहावीच्या मुलांकडून काढून घ्यावे. हळदपुडीत कर्क्युमिन तीन टक्के धरले, तर ३.६ ग्रॅमसाठी १२० ग्रॅम हळद लागेल. म्हणजे माणशी रोज जवळजवळ अर्धा पाव. एवढी हळद कोणी खाऊ शकत नाही. त्यातच कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडे उतरते. चिमूटभर हळदीच्या भरवशावर तंबाखू चालू ठेवण्यातला फोलपणा ह्या एका उदाहरणात मुलांना कळतो.

ह्या सर्व परीक्षांत मोजले गेले ते चट्टे. कर्करोग होणे टळले काय, हे ठरविण्यास हजारो माणसे व अनेक वर्षे लागतात. कोणत्याही वनस्पतिज द्रव्याने मनुष्यातील मुखकर्करोग टळतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. संशोधन चालू राहावे इतकी आशा ह्या परीक्षांनी दिली आहे. तंबाखू खाणाऱ्यास अभय मात्र दिलेले नाही.

५. वनस्पतिज म्हणजे निर्धोक नव्हे

“झाडपाल्याने अपाय तो काय होणार?” हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. तंबाखू झाडाचे पान आहे आणि सुपारी झाडाचे फळ आहे, एवढे उत्तर त्यास पुरेसे आहे. परंतु ज्याच्या चांगुलपणाविषयी कोणास शंका नव्हती, अशा द्रव्याची हकिकत अधिक उद्‌बोधक आहे.

फळे व भाज्या पुष्कळ खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांची परीक्षा घेण्यात आली. १९९४ मध्ये निकाल लागला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. भाजीतून अल्प प्रमाणात मिळणारे द्रव्य गोळीतून मोठ्या मात्रेत धूम्रपानी माणसास देणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट ठरली. परीक्षा न घेता त्या गोळ्या सरसकट वाटल्या असत्या, तर सद्‌हेतूने केवढा अनर्थ झाला असता! म्हणूनच द्रव्य कितीही परिचयाचे असले तरी परीक्षेवाचून त्याची शिफारस करू नये.

६. सिद्ध झालेला उपाय

मग खेड्यातील मनुष्याने करावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र पक्के आहे आणि तेही भारतातील खेड्यांतच मिळाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्यक संशोधकांनी, डॉ. फली मेहता ह्यांच्या नेतृत्वाखाली, पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ खेडूतांची तोंडे तपासून त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ह्या गटाने देशातील तीन ग्रामीण भागांत तंबाखू वापरणारे सुमारे ३६,००० लोक निवडले. त्यांची दरवर्षी तपासणी केली. त्यांना समक्ष भेटून व प्रचारसाधनांद्वारे तंबाखू सोडण्याचा उपदेश केला. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या निकालात, असा उपदेश लाभलेल्यांपैकी अधिक लोकांनी तंबाखू सोडली आणि त्यांच्यात नवे पांढरे चट्टे उद्भवण्याचे प्रमाण घटले, असे दिसून आले. ह्या प्रयोगातील औषध होते ते समजावून सांगण्याचे.

दुसरे उत्तर केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातून आले. तेथे प्रशिक्षण दिलेल्या पदवीधर कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे उजेडात नीट पाहिली. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. संशयास्पद खूण दिसताच ते त्या माणसास डॉक्टरकडे पाठवीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. समजावून सांगणे आणि वेळेवर पाहणे, ही दोन्ही कामे शिक्षकी पेशाला परकी नाहीत.

ह्या कामाची निकड किती आहे, हे एका आकड्यावरून कळेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी २६.६ टक्के तंबाखू वापरणाऱ्या आढळल्या. त्यांतील बहुतेकांची तंबाखू चघळण्याची, मळण्याची किंवा मिसरीच्या रूपाने दातांना लावण्याची होती.

७. शाळेत करावयाचे काम

(१) शिक्षकाने शाळेच्या आवारात तंबाखूला स्पर्श करू नये. मुलाच्या हाती पैसे देऊन तंबाखूची पुडी कधीही आणवू नये. वर्गातील सर्व पाठांहून हा पाठ मुलांच्या अधिक लक्षात राहतो.

(२) शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास, तसेच १८ वर्षांखालील व्यक्तीस ती विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळेच्या फाटकाशी विक्री चालत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय घेऊन ठराव करावा व ग्रामपंचायतीस लेखी कळवावे.

(३) मिसरीविषयी मुलींशी व त्यांच्या मातांशी शिक्षिकांनी बोलावे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू होय, दंतमंजन नव्हे. ही गोष्ट अनेक घरांत अजून माहीत नसते.

(४) वरच्या वर्गांतील मुलांना स्वतःचे तोंड पाहण्यास शिकवावे. आरशासमोर उजेडात गालांच्या आतील बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा व जिभेखालचा भाग पाहावा. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून ती तोंडात जातात की नाही, हे पाहावे. ही तपासणी मुलांनी घरी वडीलधाऱ्यांनाही दाखवावी.

(५) दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, न जाणारा पांढरा किंवा तांबडा चट्टा, गाठ, अथवा तोंड कमी उघडणे ह्यांपैकी काही आढळल्यास त्या व्यक्तीस ग्रामीण रुग्णालयात किंवा परभणीच्या जिल्हा रुग्णालयात दंतवैद्याकडे जाण्यास सांगावे. ह्या बाबतीत सर्वांत मोठा धोका विलंबाचा आहे. चट्ट्यावर हळद लावून महिना-दोन महिने वाट पाहणाऱ्यास हळदीने अपाय होत नाही. त्याचा घात होतो तो गेलेल्या दिवसांनी. रोग लहान असताना उपचार सोपे असतात व बरे होण्याची शक्यता पुष्कळ असते.

(६) तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यास १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय साहाय्य दूरध्वनी विनामूल्य उपलब्ध आहे. तो शाळेच्या सूचनाफलकावर कायम लिहून ठेवावा.

(७) विज्ञानाच्या तासाला दोन वाफ्यांचा प्रयोग अवश्य करावा व त्यावरून वर वर्णिलेल्या परीक्षेची रीत समजावून द्यावी. ‘दुसऱ्या वाफ्यात काय झाले?’ असे विचारण्याची सवय ज्या मुलास लागली, तो मोठेपणी कोणत्याही जाहिरातीने सहसा फसणार नाही.

सारांश, हळद घरात असावी, भाजीत पडावी; तिचा अनादर करण्याचे कारण नाही. तिच्या अंगी असलेल्या गुणांचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत व घेत राहतील. परंतु आज जो पालक आपणास प्रश्न विचारतो, त्याच्या तोंडातील धोका त्या शोधाची वाट पाहत थांबणार नाही. त्याला निःसंदिग्धपणे सांगावे की, तंबाखू व सुपारी सोडावी, तोंड उजेडात पाहावे आणि चट्टा दिसताच दवाखाना गाठावा. येत्या पालकसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालावा आणि ज्यांना तपासणीसाठी पाठविले, ते प्रत्यक्ष जाऊन आले की नाही, ह्याची चौकशी पुढील सभेपूर्वी करावी.